जनावर गाभण आहे का, आधी बघा

मा. संपादक,

जनावर गाभण आहे की नाही हे न बघताच जंताचं औषध पाजतात, हे खरंच थांबायला हवं. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध गायीला गाभणपणाच्या पहिल्या ४५ दिवसांत आणि मेंढीला पहिल्या ३० दिवसांत देऊ नये अशी सूचना असते, कारण नेमके त्याच काळात पोटातल्या पिल्लाचे अवयव घडत असतात आणि हे औषध पेशींच्या विभाजनात अडथळा आणतं, मग वासरू किंवा कोकरू व्यंग घेऊनच जन्माला येऊ शकतं. मांजरीचंही तेच, बुरशीसाठी ग्रिसिओफुल्विन दिलं तर पिल्लं फाटलेल्या टाळूची होऊ शकतात, बिचाऱ्यांना दूधसुद्धा नीट ओढता येत नाही. आणि एका प्राण्याला चाललं म्हणजे दुसऱ्याला चालेल असंही नाही, थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा उंदरांच्या पिल्लांवर फारसा परिणाम दिसला नाही पण सशांची पिल्लं व्यंग घेऊन जन्मली. त्यामुळे नुसती शंका असली तरी डॉक्टरांना आधी सांगा.

– एक वाचक