तपासणीत थकव्याचीही विचारपूस हवी

महोदय,
माझ्या यजमानांचा जिभेचा कर्करोग आटोक्यात आला. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध. त्या औषधामुळेच ते आज ताटावर बसतात, त्यामुळे औषधाविषयी तक्रार नाही. तक्रार नंतरच्या तपासणीची आहे. मानेच्या गाठी चाचपतात, तोंडात टॉर्च मारतात, ‘छान आहे’ म्हणतात. पण बादलीभर पाणी उचललं तरी यांना दम लागून बसावं लागतं. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘वय झालं.’

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अशाच रुग्णांच्या रक्तातल्या डीएनएवरच्या मिथाइल खुणा, म्हणजे डीएनएला चिकटलेल्या छोट्या रासायनिक खुणा, तपासल्या. जनुकं तीच राहतात, खुणा बदलतात. त्यावरून पेशींचं जैविक वय कळतं. रेडिएशन संपताच ते सरासरी सुमारे ५ वर्षांनी पुढे गेलेलं आढळलं, आणि ज्यांचं जास्त पुढे गेलं त्यांचा थकवाही जास्त. म्हणजे हा थकवा मनाचा खेळ नव्हे!

ही महागडी चाचणी कुणी मागत नाही. केस पेपरवर थकव्याचा एक रकाना असावा. मानेच्या रेडिएशनने थायरॉइड मंदावतं आणि सिस्प्लॅटिनने ऐकू कमी येतं; या दोन्ही तपासण्या तरी न मागता व्हाव्यात.

– एका रुग्णाची पत्नी, मिरज