पालनी मोडणारे पर्यटन आम्हाला नको

मा. पर्यटन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

सातपुड्यातल्या होळ्या नुकत्याच झाल्या. होळीच्या रात्री पाहुण्यांच्या गाड्या गावाबाहेरच थांबवू, असा शब्द मिळाला होता. गाड्या थेट रिंगणाला येऊन भिडल्या. हेडलाइटचे झोत नाचणाऱ्यांच्या डोळ्यांवर, वर ड्रोनची घरघर. पुढच्या वर्षीही हेच व्हायचे नसेल तर हे पत्र नीट वाचा.

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाची राजवाडी होळी पहाटे पेटते. त्याआधीची सगळी रात्र ढोल आणि नाच असतो. कमरेला घुंगरू आणि दुधी भोपळे, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसांचा टोप घालून जे बुध्या आणि बावा नाचतात, ते नवसाचे लोक आहेत. त्यांनी पालनी, म्हणजे नवसाचे कडक व्रत, धरलेली असते. त्या दिवसांत ते जमिनीवर झोपतात, खाटेला शिवत नाहीत, अंघोळ करत नाहीत, स्त्रीस्पर्श टाळतात. पाहुणीने खांद्यावर हात टाकून सेल्फी काढला की त्या माणसाचे इतक्या दिवसांचे व्रत मोडते. एवढी साधी गोष्ट घाटाच्या पायथ्याशी एका फलकावर लिहिता येत नाही का?

होळीचा दांडा म्हणजे उंच, सरळ बांबू. पेटल्यावर तो कुठल्या अंगाला झुकेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून दांड्याच्या उंचीहून मोठे रिंगण चहूबाजूंनी मोकळे लागते. कॅमेरेवाले दोरीच्या आत घुसले की ढोलवाले आगीकडे ढकलले जातात, आणि कागद, पिसे, कामट्यांचा टोप ठिणगीने पेटायला वेळ लागत नाही. जनरेटर, डिझेलचे डबे रिंगणाजवळ नकोतच. सत्कार-भाषणांचे लाउडस्पीकरही नकोत. ढोल ऐकूच आला नाही तर पाय कशावर पडायचे?

देवगोई घाटाची वाट अरुंद आहे. दोन्ही कडांना गाड्या लावल्या की एसटीही अडते आणि रुग्णवाहिकाही. पाहुण्यांच्या गाड्या घाटाखाली अक्कलकुव्यातच थांबवा, तिथून पुढे एसटीच्या फेऱ्या सोडा. पाण्याचे टँकर, शौचालये होळीच्या आदल्या दिवशी दुपारीच उभी करा, कारण संध्याकाळनंतर त्या गर्दीतून टँकर सरकत नाही.

आणि भोंगऱ्या बाजाराबद्दल 'मुली पळवून लग्न लावण्याचा बाजार' असे सांगत फिरणाऱ्यांना आवरा. तो होळीआधीचा आठवडी बाजार आहे. लोक तिथे गूळ, डाळ्या, साखरेचे हार-कंगण, कपडे, घुंगरू घ्यायला येतात. ते खोटे ऐकून आलेला माणूस आमच्या पोरींकडे कुठल्या नजरेने बघतो, हे बाजारात उभे राहिल्याशिवाय कळणार नाही.

पर्यटकाला न्यायला रस्ता हवा असे तुम्ही म्हणता. मग नर्मदाकाठच्या पाड्यांवरून बाळंतीण आजही बांबूच्या झोळीत खांद्यावर का आणावी लागते? सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने महाराष्ट्रातली 33 गावे बाधित झाली. धरणाची उंची 138.68 मीटरवर नेताना कुणाचे हात थरथरले नाहीत. त्या काठावर आजही माणूस दवाखान्यासाठी बोटीची वाट बघतो. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांसाठीचा 1996 चा पेसा कायदा परंपरा आणि ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो. त्याचे नियम करायला महाराष्ट्राला 2014 उजाडले, अठरा वर्षे. नियम आले तरी होळीची तारीख, गाड्या, कॅमेरे यांबद्दल आम्हाला कोण विचारते? सगळे मुंबईत ठरते आणि आम्ही ते जाहिरातीत वाचतो.

पुढच्या होळीच्या निदान दोन महिने आधी त्या त्या गावाच्या ग्रामसभेत तुमचा अधिकारी बसवा. गाड्या कुठे थांबतील, दोरी कुठे लागेल, कॅमेरा कधी बंद होईल, पाहुण्यांकडून घेतलेल्या पैशातले गावाला किती मिळतील, हे तिथे ठरू द्या. ठराव झाल्याशिवाय एकही जाहिरात छापू नका.

आपले,
सातपुड्यातले ग्रामस्थ