विषय : आपोआप उघडून खांबावर आपटणारा आरसा, नाकारलेली वॉरंटी आणि हेल्पलाइनवर मिळालेली वागणूक

प्रति,
प्रमुख, ग्राहक संबंध विभाग

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला. शेवटी "आणखी काही मदत हवी आहे का?" असं विचारण्यात आलं. आधी कुठली मदत झाली म्हणून 'आणखी', हे विचारेपर्यंत फोन कट झाला होता. म्हणून हे पत्र.

तुमची सगळ्यात रुंद सात आसनी गाडी मी वापरते. ब्रोशरमध्ये तिची रुंदी १.९८ मीटर दिली आहे. ती आरसे सोडून, हे तुम्हाला माहीतच आहे. आरसे उघडे ठेवून मी टेप लावली तर २ मीटर १९ सेंटिमीटर भरली. हा आकडा ब्रोशरमध्ये नाही, मॅन्युअलमध्ये नाही, वेबसाइटवर नाही. डिकी उघडायला बंपरखाली पाय कसा हलवायचा, याला मात्र मॅन्युअलमध्ये आख्खं सचित्र पान दिलं आहे.

बुकिंगच्या आधी मी डीलरला स्पष्ट विचारलं होतं, नौपाड्यात आमच्या इमारतीत ही गाडी बसेल का? स्टॅक पार्किंगच्या ट्रेवर 'कमाल रुंदी १९०० मिमी' अशी पाटी आहे, तिचा फोटोही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. उत्तरादाखल अंगठा आला, आणि पाठोपाठ "आरामात बसेल मॅडम". ती बसत नाही. १.९८ हे १.९ पेक्षा मोठं असतं, एवढंच त्याला कारण आहे. शेवटी शेजाऱ्यांना विनवून खालची जागा बदलून घेतली. ती नियमाप्रमाणे अडीच मीटर बाय पाच मीटर आहे आणि तिच्या डाव्या कडेला खांब आहे. अडीचातून तुमची गाडी वजा केली की ५२ सेंटिमीटर उरतात. मला उजवीकडून उतरता यावं म्हणून गाडी खांबाला खेटून लावावी लागते. त्यामुळे डावीकडचं दार उघडतच नाही, आणि सासूबाईंना पाऊस असो वा ऊन, आधी गेटवर उतरवावं लागतं. एवढं मी चालवून घेत होते. राम मारुती रोडवर दुचाकीवाले जाता जाता आरशाला टपली मारून जातात, तेही चालवून घेत होते. तुमच्या जाहिरातीत ही गाडी डोंगरातल्या मोकळ्या रस्त्यावर एकटीच धावते. शेजारी ना रिक्षा, ना टेम्पो, ना भाजीची हातगाडी. ती गाडी ठाण्यात विकायला का आणली, हा प्रश्न आहेच.

पण मागच्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये तुम्ही आरशांची सेटिंग काढून टाकलीत. आधी 'अनलॉक केल्यावर आरसे उघडू नयेत' असा पर्याय होता. आता तो मेन्यूत दिसत नाही. म्हणजे मी किल्लीचं बटण दाबलं की गाडी माझं स्वागत करायला दोन्ही आरसे उघडते आणि डावा आरसा थेट खांबावर जाऊन आपटतो. रोज. आता आतली मोटर घरघरते आणि आरसा अर्ध्यावर अडकतो. काच, मोटर, कॅमेरा, इंडिकेटर आणि ब्लाइंड स्पॉटचा दिवा हे सगळं एकाच युनिटमध्ये असल्याने आख्खं युनिट बदलावं लागेल, असं सर्व्हिस सेंटरने सांगितलं. वॉरंटी मिळणार नाही, कारण 'बाहेरून आघात' झाला आहे. खांब चालत येऊन आरशावर आदळला, असं बहुधा म्हणायचं असावं.

आता आजचा फोन. सगळं सांगून झाल्यावर पलीकडून प्रश्न आला, "मॅडम, गाडी सर पार्क करतात की तुम्ही?"

मी म्हटलं, मी.

"सर आहेत का घरी? त्यांच्याशी बोलता येईल का?"

गाडी माझ्या नावावर आहे. हप्ता माझ्या पगारातून जातो. 'सरां'कडे लायसनसुद्धा नाही, ते शेजारी बसून "सांभाळून" म्हणतात. हे सगळं मी सांगत बसले. खरं तर सांगायची काहीही गरज नव्हती.

"ओके मॅडम. आमच्याकडे लेडीज कस्टमर्ससाठी मोफत ड्रायव्हिंग रिफ्रेशर आहे. बुक करू का?"

मी म्हटलं, अहो, गाडी बंद असते. मी बाहेर उभी असते, हातात फक्त किल्ली असते. आरसा आपोआप उघडतो. यात ड्रायव्हिंग कुठे आलं?

जरा वेळ कीबोर्डचा आवाज. मग, "मॅडम, गाडी आधी थोडी बाहेर घेऊन मग अनलॉक केली तर?"

मी हे वाक्य तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिने ते पुन्हा म्हटलं, तितक्याच नम्रपणे. कुलूप न काढता गाडी बाहेर कशी घ्यायची, हे तिच्या स्क्रीनवर नव्हतं. तिच्यावर माझा राग नाही. ते लिहून देणारे तुमच्याच मजल्यावर बसत असतील.

नंतर सुपरवायझर आले. त्यांनी मला केंद्रीय मोटार वाहन नियम ९३ ऐकवला : रुंदीत आरसे धरत नाहीत, कमाल मर्यादा २.६ मीटर, आपली गाडी त्यात बसते. बसते हो, नियमात बसते. पार्किंगमध्ये बसत नाही. २.६ मीटर ही मर्यादा बसलाही लागू आहे. मी बस मागितली नव्हती.

२००६ पासून आमच्या घरात तुमच्याच गाड्या आहेत. पहिली छोटी होती, तलावपाळीला कुठेही मावायची, आणि तेव्हा तुमचा माणूस घरी येऊन गाडी समजावून गेला होता. आता अपडेट रात्री येतं आणि सकाळी आरसा फुटतो.

आरशांची सेटिंग परत द्या. डावं युनिट मोफत बदलून द्या, कारण ते तुमच्याच सॉफ्टवेअरने खांबावर आपटलं आहे. आरशांसह रुंदी ब्रोशरमध्ये छापा. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणारी जाहिरात ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणारी ठरते. त्याच कायद्याने मी जिथे राहते तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे इथेच, ठाण्यात. तुमच्या वकिलांनी येताना गाडी कुठे लावायची, ते आधीच ठरवून यावं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं. फोन नको. केलाच तर 'सर आहेत का' हे विचारू नये.

तुमची (तूर्तास) ग्राहक,
नौपाडा, ठाणे

सोबत : बिलाची प्रत; डीलरच्या अंगठ्याचा स्क्रीनशॉट; आरसा खांबावर आपटतानाचा व्हिडिओ (त्यात गाडी बंद आहे आणि आत कोणीही नाही, हे कृपया पाहावं).