आधीच सांगून ठेवलंत म्हणून

डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलाचा मुरमांनी भरलेला चेहरा बराच निवळलाय, ते तुम्ही मागच्या खेपेला पाहिलंतच आणि त्याचे आभार मी तेव्हाच मानले. हे पत्र दुसऱ्या एका गोष्टीसाठी. उपचार सुरू असताना मध्येच काय काय बिघडल्यासारखं वाटेल, ते तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंत. त्यामुळेच औषध टिकलं, असं माझं ठाम मत आहे.

या वयात मुरमं आली की "वयात आलाय, जातील आपोआप" म्हणून विषय मिटवतात, आणि मुलगा असला तर जरा जास्तच लवकर. हा फोटोत यायचा बंद झाला होता, कपाळावर केस ओढून बसायचा. तुम्ही खुर्ची त्याच्याकडे वळवून विचारलंत, "तुला स्वतःला याचा किती त्रास होतो?" मी दोनदा मध्ये बोलायला गेले, दोन्ही वेळा तुम्ही हातानंच मला थांबवलंत. तो इतका बोलतो हे मलाही नवीन होतं.

मग तुम्ही चिठ्ठीच्या मागे केसाचं मूळ आणि त्याला लागून असलेली तेलग्रंथी काढून दाखवलीत. वयात येताना हॉर्मोन्समुळे तेल जास्त सुटतं, मृत पेशी छिद्राच्या तोंडाशी साचून बूच बसतं, आत जिवाणू वाढतात, मग सूज आणि पू. काळ्या ठिपक्यांचा काळेपणा मळामुळे नसतो, हे ऐकल्यावर चिरंजीवांनी माझ्याकडे जे काही पाहिलं! "तोंड धू, तोंड धू" म्हणणारे आमच्याकडे बरेच आहेत. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, घासायचं नाही, फोडायचं तर मुळीच नाही, असा निकाल तुम्ही दिलात आणि तो वाद कायमचा संपला.

सगळ्यात उपयोगी पडलं ते पुढचं. मुरूम वर दिसतो त्याच्या कितीतरी आठवडे आधी आत बूच धरायला लागलेलं असतं. म्हणून आज लावलेलं औषध पुढे येऊ घातलेल्या मुरमांना अडवतं, आजच्यांना फारसं नाही. तुम्ही 12 आठवडे मागून घेतलेत. रात्री ॲडापेलिन हे मुरमांवर लावायचं औषध, वाटाण्याएवढंच, कोरड्या चेहऱ्यावर, फक्त पुळीवर न लावता सगळीकडे, आणि सुरुवातीला एक दिवसाआड. "पहिले काही आठवडे कातडी सोलवटेल, चुरचुरेल, कदाचित मुरमंही वाढल्यासारखी वाटतील. तेव्हा मॉइश्चरायझर वाढवा, फारच आग झाली तर मला विचारा, पण परस्पर बंद करू नका."

झालंही तसंच. नाकाच्या कडेला पापुद्रे निघायला लागले आणि घरातली मंडळी म्हणायला लागली, रिॲक्शन आली, फेकून दे ती ट्यूब. तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर म्हणाल्याच होत्या." पुढे बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरच्या दुसऱ्या औषधानं त्याच्या निळ्या टॉवेलवर फिकट नारिंगी चट्टे पडले, तेही तुम्ही सांगितलेलं होतं. (उशीचा अभ्रा पांढरा घ्या म्हणालात तो घेतला, टॉवेलाचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.) मी 2.5 टक्क्यांऐवजी जास्त ताकदीचं मागितलं, तेव्हा जास्त टक्क्यांनी गुण फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते, असं सांगून तुम्ही मला गप्प केलंत.

एका हितचिंतकांनी "हमखास" म्हणून दिलेली क्रीम मी पर्समधून काढली, तो प्रसंग तर विसरणार नाही. तुम्ही चष्मा लावून ट्यूबवरची बारीक अक्षरं त्यालाच वाचायला लावलीत. बीटामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. आधी चेहरा छान दिसतो, पुढे कातडी पातळ होते, त्या क्रीमनंच मुरमं येतात आणि थांबवली की सगळं उफाळून येतं. आता तो मित्रांच्या ट्यूबा वाचत फिरतो.

डागांबद्दलही तुम्ही काही झाकून ठेवलं नाहीत. सावळ्या कातडीवर मुरूम गेला तरी काळसर डाग महिनोन्महिने राहतो, उन्हानं तो गडद होतो, म्हणून 30 एसपीएफचं सनस्क्रीन रोज. खड्डे मात्र क्रीमनं भरत नाहीत. त्यांचं काय करायचं ते मुरमं पूर्ण आटोक्यात आल्यावर बघू. उजव्या गालावर थोडे राहिलेत. आरशात दिसतात, पण फसवलं गेल्यासारखं त्याला वाटत नाही.

एक विनंती. माझी भाची तुमच्याकडे यायची आहे. तिला तुमच्या चित्राचा फोटो पाठवलाय, औषधांची बाजू पाठवलेली नाही. तिला मुरमं हनुवटीवर जास्त येतात आणि पाळीही अनियमित आहे, तेव्हा तिच्या तपासण्या वेगळ्या असतील, एवढं तुमच्याकडे बसून मला कळायला लागलंय. मुलगी बुजरी आहे. सोबत तिची आई असेल, आणि ती माझ्याहून जास्त बोलते.

आपली,
तुमच्या एका पेशंटची आई