उघड म्हणालात म्हणून

प्रिय काका,

तुम्हाला मराठी येत नाही, त्यामुळे हे पत्र कोणीतरी वाचून दाखवेपर्यंत तुम्हाला कळायचं नाही. तरी मराठीतच लिहितोय. इंग्रजीत आभार मानायला गेलो की दोन शब्दांत उरकतात, आणि तुम्ही 'बरं बरं' म्हणून चहा ओतायला लागता.

मराठी वाचकांसाठी थोडं सांगतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर 'द वॉश' नावाचं मोठं आखात आहे. ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यात तिथे बदकांचे थवे उतरतात. भरतीरेषेखालच्या पट्ट्यात 20 फेब्रुवारीपर्यंत शिकारीला परवानगी असते. माझं बालपण निफाडचं. नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर बदकं बघायची ती फक्त डोळ्यांनी, हेच आम्हाला ठाऊक. इथे तुमच्यासारखा माणूस भेटला नसता तर मी बंदुकीला हात लावला नसता. शिकार योग्य की अयोग्य यावर माझ्या घरातच दोन तट आहेत, तो वाद इथे नको.

ती बंदूक तुमच्याकडूनच घेतली. बर्मिंगहॅमची, बाहेर घोडे (काडतुसावर ठोका देणाऱ्या हातोड्या) असलेली बारा बोअरची दुनळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या नळ्या, त्यांच्यावर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी. घेताना तुम्ही तीन गोष्टी बजावल्या होत्या: काडतूस 65 मिलिमीटरचंच, पोलादी छर्रे चुकूनही नाहीत, आणि ओघळ ओलांडताना बंदूक रिकामी. शिसं इथे बदकांसाठी 1999 पासून बंद, म्हणून महागडे बिस्मथचे छर्रे. पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या.

जानेवारीतली ती पहाट. पाऊस आडवा, बोटं बधिर. काडतुसं काढायची, पुन्हा भरायची, याचा कंटाळा केला आणि भरलेल्या बंदुकीनिशी ओघळीत उतरलो. पाय घसरला, गुडघाभर रुतलो. उठतोय तोच डोक्यावरून विजन बदकांची शीळ. मी घोडा मागे ओढून चढवला, बंदूक खांद्याला लावणार इतक्यात तुम्ही माझं मनगट धरलंत. ओरडला नाहीत. "उघड," एवढंच.

घोडा सांभाळून उतरवला, बंदूक उघडून काडतुसं काढली. डाव्या नळीतून करड्या आभाळाचा गोल ठिपका दिसला. उजवीत मिट्ट काळोख.

तुम्ही थैलीतून नळी साफ करायचा तीन तुकड्यांचा लाकडी गज काढलात, जोडलात आणि मागून ढकललात. सोऱ्यातून चकलीचं पीठ पडावं तसा चिखल बाहेर आला, बोटभर. छर्रे त्यावर आदळले असते तर मागून येणाऱ्या वायूला वाट नसती, आणि शंभर वर्षांची पातळ नळी तिथेच फुगली नाहीतर फाटली असती. माझा डावा हात तिथून फार लांब नव्हता. तुमचा तर माझ्या मनगटावरच होता.

त्यानंतर आपण एकही बार काढला नाही. तुमची काळी कुत्री मात्र रागावली, रिकाम्या तोंडाने घरी जायचं म्हणून.

खरा धडा तुमच्या शेडमध्ये झाला. मी बंदूक हीटरजवळ ठेवायला निघालो तर तुम्ही असं बघितलंत की मी तिथेच थांबलो. एकदम उष्णता दिली की अक्रोडाचा दस्ता तडकतो. आधी नळ्या सुट्या करून पुसायच्या, मग कोरडं फडकं, मग तेलाचा हलका हात. बाजूच्या यंत्राच्या पट्ट्यांमागे पाणी शिरतं, त्या खोलायला खाचेत तंतोतंत बसणाराच पेचकस. दस्त्याला जवसाचं तेल, तळहाताने चोळून. आणि बंदूक रात्रभर तोंड खाली करून वर्तमानपत्रावर उभी, म्हणजे तेल लाकडात उतरत नाही. हे सगळं तुम्ही न बोलता केलंत. मी शेजारी बसून नुसता बघत होतो.

घरी बायकोला सगळं सांगितलं नाही. हे पत्र वाचून तिला कळेल, मग आहेच.

काका, त्या पहाटेबद्दल मनापासून आभार. तो गज अजून माझ्याकडेच राहिलाय. 1 सप्टेंबरला मोसम उघडतो, त्याच्या आदल्या दिवशी आणून देतो.

तुमचा,
चिखलात पडलेला निफाडकर