बाई, परीक्षेत चुकीचं लिहायचं का?

प्रिय शैला,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. गुडघा बरा आहे, आईचं बीपी आटोक्यात. आता खरं काय ते सांगते, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

आठवीच्या इंग्रजीच्या सराव परीक्षेत रिकामी जागा होती: काल तो पलंगावर पडून होता, 'लाय'चं (lie, आडवं पडणे) रूप भरा. पोरांनी 'ले' लिहिलं. लाय, ले, लेन, अगदी बरोबर! छापील उत्तरसूचीत मात्र 'लेड', ते तर दुसऱ्याच क्रियापदाचं, 'ले'चं (lay, ठेवणे, घालणे), भूतकाळाचं रूप. मुख्याध्यापक म्हणतात, सूचीप्रमाणे गुण द्या, हल्ली इंग्रजसुद्धा बोलताना कुठे एवढं पाळतात? पेपर अजून माझ्याच कपाटात आहेत.

मी त्यांना घोकायला लावलं नव्हतं गं, मराठीत भूतकाळात करणाऱ्याला 'ने' लागतो का, ते बघायला शिकवलं होतं: लागला तर 'लेड', नाही तर 'ले'. आंबा पडला, गणूने आंबा पाडला. कोंबडीने अंडं घातलं, तिथे 'लेड'. कोंबडीच आडवी झाली, तर 'ले'. वर्ग खो खो हसला आणि कायमचा शिकला. 'तो धडा शिकला' यात 'ने' कुठाय, असं तू लगेच म्हणशील. वसतिगृहात याच वाक्यावरून अबोला धरला होतास! मी आजही तेच म्हणेन: शिकणे, पिणे, विसरणे अशी मोजकी बाजूला काढली की 'ने' दगा देत नाही.

सरांनी फळ्यावर संस्कृतचं सीदति–सादयति लिहून खाली सिट–सेट लिहिलं होतं, आठवतं? बसणे, बसवणे. फॉल–फेल (पडणे–पाडणे), राइज–रेझ (उठणे–उचलणे), लाय–ले (आडवं पडणे–ठेवणे), सगळ्या त्याच घडणीच्या जोड्या. 'ड्रिंक'च्या जोडीचं 'ड्रेंच' (चिंब भिजवणे) हेसुद्धा मुळात 'पाजणे'. आपलं मरणे–मारणे, तरणे–तारणे तसंच. घोळ एवढाच की 'लाय'चा भूतकाळ नेमका 'ले' होतो, 'फॉल'चा नेमका 'फेल'. तेवढं पोरांनी ओलांडलं, आणि गुण कापायचे त्यांचेच?

काल एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, "बाई, परीक्षेत चुकीचं लिहायचं का?" रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शनिवारी शिक्षकसभेत शब्दकोश घेऊन बसणार आहे. गुण दिल्याशिवाय पेपर हातातून सोडायची नाही.

धाकटीचं लग्न ठरलं का? घराचा रंग झाला? सविस्तर लिही.

आणि सरांच्या तासाची वही तुझ्याकडेच आहे ना? सीदतिच्या पानाचा फोटो शनिवारच्या आत व्हॉट्सॲपवर टाक.

तुझीच,
सुमन