ताईने नंबर ब्लॉक केला त्याविषयी

गंगापूर रोड, नाशिक

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

"आता मला भाऊच नाही" असे म्हणून ताईने तुझा नंबर ब्लॉक केला, याचे तुला फार लागले आहे. हीच ताई दिवाळीत आल्यागेल्याला तुझे कौतुक सांगत होती. मध्ये घडले एवढेच, की मीटिंगमुळे तू चार तास तिचा फोन उचलला नाहीस.

डॉक्टर याला स्प्लिटिंग म्हणतात. मनोविश्लेषक ऑटो केर्नबर्ग यांनी १९६७ साली बॉर्डरलाइन, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाणाऱ्या, व्यक्तिमत्त्वाची जी मांडणी केली, तिच्या केंद्रस्थानी मनाचा हाच बचाव आहे : जो जीव लावतो तोच कधी निराशही करतो, हे एकाच वेळी सोसवत नाही, म्हणून मन त्याच माणसाचा कधी देव करते, कधी वैरी, आणि वैरी दिसू लागला की देवपण आठवतही नाही. म्हणजे ती नाटक करत नाही. शिवाय तिला स्वतःचा राग तुझ्यात दिसतो. मग ती इतके टोचून बोलते की तू खरोखरच चिडतोस, आणि तिची भीती खरी ठरते.

यात माझाही दोष आहे. गेली तीन वर्षे या घरात मी चांगला होतो आणि तुझी आई वाईट. आईने वाढलेले ताट तसेच ठेवून ताई माझ्याकडून चहा करून घेत असे, आणि आले किसताना मी मनातून सुखावत असे. आई ओट्याशी पाठमोरी उभी असे. डॉक्टरांनी आम्हां दोघांसमोर विचारले, "हल्ली घरात चांगले कोण आहे?" तेव्हा मला मान वर करवली नाही.

ती पुन्हा बोलू लागली की लांबलचक खुलासे देऊ नकोस. "आत्ता जमत नाही, आठ वाजता फोन करतो" एवढेच सांगावे आणि आठालाच करावा. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर मात्र आठाची वाट न पाहता आम्हांला कळव. ती भाषा नुसती धमकी समजू नये.

मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या, भावना सांभाळायला शिकवणाऱ्या पद्धतीचे तिचे उपचार नियमित चालू आहेत. काल ती आईला म्हणाली, "शनिवारी तो येणार ना, द्राक्षे आणून ठेव." नंबर अजून ब्लॉकच आहे.

तुझा,
बाबा